खेळण्यांच्या कारखान्याला आयएसआय मार्क: डाय काढण्याआधीपासून बाजारापर्यंत

प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा छोटा कारखाना काढायचा म्हटले की बहुतेक जण आधी मोल्डिंग मशीन बघतात, मग डाय, म्हणजे प्लॅस्टिकला आकार देणारा धातूचा साचा, करायला टाकतात, माल काढतात आणि नमुने घेऊन होलसेल बाजारात जातात. तिथे पहिला प्रश्न येतो, 'आयएसआय आहे का?' मग धावपळ सुरू होते. हा क्रम उलटा आहे आणि तो महागात पडतो. डाय एकदा कडक झाली की तिच्यात बदल करणे म्हणजे पुन्हा पैसे आणि पुन्हा थांबणे. म्हणून या लेखात अर्ज कसा भरायचा हे बऱ्याच पुढे येते. सुरुवात मानक वाचण्यापासून होते, कारण खरी बचत तिथेच आहे.

ब्यूरो व्यापारात नेमके काय करते

भारतीय मानक ब्यूरो, म्हणजे आपण ज्याला बीआयएस म्हणतो, ती संस्था आधी इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन या नावाने जानेवारी १९४७ मध्ये सुरू झाली. आयएसआय ही अक्षरे तिथून आली आणि १९८७ मध्ये ब्यूरो अस्तित्वात आल्यावरही मार्कावर तशीच राहिली. आज तिचे काम २०१६ च्या कायद्याने चालते, जो १२ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला. ब्यूरो मानके तयार करते, कारखान्यांना मार्क वापरण्याचा परवाना देते, प्रयोगशाळा चालवते आणि मान्यता देते, सोन्याच्या हॉलमार्किंगची व्यवस्था बघते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत, म्हणजे आयएसओमध्ये, भारताच्या वतीने बसते. जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारानुसार परदेशी व्यापाऱ्याला भारतातल्या मानकांबद्दल काही विचारायचे असेल, तर ते चौकशी केंद्रही ब्यूरोकडेच आहे.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आढळतो. 'बीआयएसने सक्ती केली' असे लोक म्हणतात. मानक हे मुळात ऐच्छिक असते. ते सक्तीचे करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १६ ने केंद्र सरकारला दिला आहे. संबंधित मंत्रालय गुणवत्ता नियंत्रण आदेश काढते, व्यवहारात त्याला क्यूसीओ म्हणतात, आणि मग त्या मालाला मार्क बंधनकारक होतो. खेळण्यांच्या बाबतीत हा आदेश उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाने फेब्रुवारी २०२० मध्ये काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. हा फरक माहीत असलेला बरा, कारण मुदतवाढ किंवा सूट मागायची तर निवेदन मंत्रालयाकडे जाते आणि परवान्याची अडचण असेल तर ब्यूरोच्या शाखेकडे.

या आदेशाने बाजार किती बदलला ते आकड्यांत दिसते. २०१८-१९ मध्ये भारताने सुमारे ३७ कोटी १० लाख डॉलरची खेळणी आयात केली होती. २०२१-२२ मध्ये ती ११ कोटी डॉलरवर आली. त्याच काळात निर्यात २० कोटी २० लाखांवरून ३२ कोटी ६० लाख डॉलरवर गेली. सगळे श्रेय मानकाला देणे बरोबर होणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्येच आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले होते आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. पण शुल्क भरून माल आणता येतो, मार्क नसलेला माल मात्र शुल्क भरूनही आणता येत नाही. म्हणून देशी कारखानदारासाठी मार्क ही आज बाजारात शिरण्याची अट आहे.

पहिली पायरी: आपला माल आदेशात बसतो का

आदेशातली व्याख्या रुंद आहे. १४ वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली किंवा उघडपणे त्यासाठीच असलेली कोणतीही वस्तू खेळणे ठरते, मग तिचा दुसरा काही उपयोग असला तरी. बाहुलीच्या आकाराचे पेन किंवा गाडीच्या आकाराची गल्लापेटी असे मधले प्रकार असतील तर स्वतःच निर्णय न घेता ब्यूरोच्या शाखेला लेखी विचारा आणि उत्तर फायलीत ठेवा.

सूट कुणाला आहे? विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना आदेशातून वगळले आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या उत्पादनाचे नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्तेही वगळलेले आहेत. सावंतवाडीला लाकडी खेळणी घडवणाऱ्या कारागिराला हे थेट उपयोगाचे आहे. त्याने कारागीर ओळखपत्राची नोंदणी जिवंत ठेवावी आणि दुकानदाराला त्याची प्रत द्यावी. गावात सगळे ओळखतात म्हणून कागद लागत नाही, असे इथे चालत नाही. सूट माणसाच्या कौशल्याला नसून नोंदणीला आहे. फक्त निर्यातीसाठी केलेल्या मालालाही आदेश लागू नाही.

हे आदेश कायमचे असतात असेही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिस्टर धागा, तंतू आणि पीव्हीसी, पॉलिप्रोपिलिनसारख्या कच्च्या मालावरचे १४ आदेश सरकारने मागे घेतले. मला तो निर्णय योग्य वाटतो. तयार वस्तू मुलाच्या हातात जाते, तिथे सक्ती हवीच. कच्च्या मालावर सक्ती केली की मोजके पुरवठादार उरतात आणि छोट्या कारखान्याला दाणा, म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, महाग पडतो. कुठल्याही मालात पैसे घालण्याआधी आदेशाची आजची स्थिती ब्यूरोच्या संकेतस्थळावर पाहा, जुन्या व्हॉट्सअॅप संदेशावर विसंबू नका.

दुसरी पायरी: डायवाल्याकडे जाण्याआधी मानक वाचा

भारतात तयार झालेली मानके ब्यूरोच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात. बिगर-विजेरी खेळण्यांसाठी आयएस ९८७३ ही मालिका आहे. तिचा भाग १ यांत्रिक आणि भौतिक सुरक्षेचा, भाग २ ज्वलनशीलतेचा, भाग ३ घातक मूलद्रव्यांचा, भाग ९ थॅलेट्सचा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनांचा. झोके, घसरगुंड्या यांना भाग ४ आणि बोटांनी लावायच्या रंगांना भाग ७. सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४. विजेरी आणि बिगर-विजेरी असे दोन्ही करायचे असेल तर परवाने दोन लागतात.

भाग १ इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, पण डाय काढणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन बसलात तर दोन-तीन बैठकांत कामाचे सगळे कळते. सर्वात जास्त नमुने जिथे अडकतात ते बघू.

तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात सुटा होणारा छोटा भाग चालत नाही. छोटा म्हणजे किती? त्यासाठी मानकात एक धातूची नळी दिली आहे. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. सुटलेला भाग कुठल्याही बाजूने, न दाबता, त्या नळीत पूर्ण मावला तर खेळणे नापास. मुलाच्या घशात जाऊ शकणाऱ्या वस्तूचे हे माप आहे. आता गाडीचे चाक घ्या. चाक ॲक्सलवर नुसते दाबून बसवले असेल तर ते हाताला पक्के वाटते. पण प्रयोगशाळेत खेळणे आधी ठरलेल्या उंचीवरून पाडतात, मग भाग पिळतात, ओढतात, दाबतात आणि त्यानंतर काय सुटले ते नळीत टाकून पाहतात. चाकाचा व्यास ३० मिलिमीटर असेल आणि ते निघाले तर तिथेच विषय संपला. डाय काढतानाच चाक मोठे केले किंवा ॲक्सलच्या टोकाला लॉक दिले तर ही अडचण येतच नाही. डोळे चिकटवण्याऐवजी त्याच तुकड्यात उठाव देऊन मग रंगवणे, शिट्टीचा भाग आतून वेल्ड करणे, हे सगळे निर्णय कागदावर असतानाच घ्यायचे असतात.

पुष्कळ जण यावर पळवाट म्हणून खोक्यावर '३ वर्षांवरील' छापतात. खुळखुळ्यावर असे छापून काही साधत नाही, कारण वयोगट ठरवताना खेळण्याचे स्वरूप पाहिले जाते. खुळखुळ्याची तर वेगळी गेज, म्हणजे माप तपासायचे साधन, आहे. त्याचे टोक गेजच्या भोकातून आरपार बाहेर डोकावता कामा नये.

दुसरी अडकण्याची जागा रंग आणि दाणा. भाग ३ मध्ये आठ मूलद्रव्यांच्या स्थलांतराच्या, म्हणजे ती खेळण्यातून बाहेर पडण्याच्या, मर्यादा आहेत. शिशासाठी किलोमागे ९० मिलिग्रॅम, कॅडमियमसाठी ७५, पाऱ्यासाठी ६०, आर्सेनिकसाठी २५. पिवळा आणि लाल मास्टरबॅच, म्हणजे दाण्यात मिसळायचा रंग, स्वस्तात मिळाला की शंका घ्यावी. भंगारातून आलेल्या रिसायकल दाण्यात आधीच्या वस्तूचा रंग आणि मऊपणा आणणारी रसायने तशीच येतात, म्हणून खेळण्यासाठी तो वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःच्या कारखान्यातला रनर, म्हणजे मोल्डिंगमध्ये उरलेला प्लॅस्टिकचा तुकडा, दळून थोडा परत घालणे वेगळे, तेही नोंद ठेवून. मऊ पीव्हीसीची बाहुली करणार असाल तर थॅलेट्सचा रिपोर्ट दाणेवाल्याकडून आधी मागा. 'सगळे हेच नेतात' हे त्याचे उत्तर ऐकून घ्या आणि रिपोर्ट मिळेपर्यंत ऑर्डर देऊ नका.

तिसरी पायरी: नमुना आधी खासगीत तपासून घ्या

चाचणीपुरता शंभर-दोनशे नगांचा पहिला माल काढला की तीन-चार नग ब्यूरोची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. यादी ब्यूरोच्या संकेतस्थळावर आहे, आणि त्या प्रयोगशाळेला तुमच्या मानकाच्या सगळ्या कलमांची मान्यता आहे की काहींचीच, हे तिथे कळते. फोन करून खात्री करा. हा खर्च टाळायचा मोह होतो, पण इथे नापास झालात तर फक्त फी जाते, अर्जानंतर नापास झालात तर महिने जातात.

चौथी पायरी: कारखाना तपासणीला तयार करणे

प्रत्येक मानकासाठी ब्यूरोने एक प्रॉडक्ट मॅन्युअल काढले आहे. नमुने कसे गटात घ्यायचे, कोणती उपकरणे लागतात, कोणती चाचणी किती वेळाने करायची, हे त्यात लिहिलेले असते. तपासणीला येणारा अधिकारी त्याच कागदाप्रमाणे पाहतो, तेव्हा तोच कागद तुमच्या भिंतीवर लागलेला बरा.

छोट्या भागांची नळी, खुळखुळ्याची गेज, ओढ मोजणारी फोर्स गेज, पीळ मोजणारी टॉर्क गेज, धार आणि टोक तपासायची साधने, व्हर्नियर, वजनकाटा एवढे जमवले की यांत्रिक चाचण्या घरच्या घरी होतात. रसायनांच्या चाचण्या बाहेरून करून घेता येतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना स्वतःच्या प्रयोगशाळेच्या अटीत सवलती दिल्या गेल्या आहेत. त्यांची मुदत आणि तपशील बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वेळी शाखेत विचारून घ्या. सवलत मिळाली तरी नळी आणि फोर्स गेज जरूर घ्या. रोजच्या मालावर तुमची स्वतःची नजर राहण्याचा तोच मार्ग आहे.

उपकरणांची कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासल्याची, प्रमाणपत्रे चालू तारखेची हवीत. चाचण्या करणारा माणूस नेमलेला असावा आणि त्याला चाचणी करता यावी. मालकाने सांगितले आणि त्याने सही केली, हे तपासणीत पाच मिनिटांत उघडे पडते.

पाचवी पायरी: अर्ज

अर्ज मानक ऑनलाइन या पोर्टलवर होतो. कारखान्याच्या पत्त्याचा पुरावा, उद्यम नोंदणी, कारखान्याचा आराखडा, दाण्यापासून पॅकिंगपर्यंतचा प्रक्रियेचा तक्ता, मशीन आणि उपकरणांची यादी, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे, कच्च्या मालाचे रिपोर्ट, तपासनिसाची पात्रता, वापरणार असलेला ब्रँड, हे सगळे स्कॅन करून तयार ठेवा. महाराष्ट्रात ब्यूरोचे पश्चिम विभागीय कार्यालय मुंबईत अंधेरीच्या एमआयडीसीत आहे आणि पुणे, नागपूर इथेही शाखा आहेत. कारखाना ज्या शाखेच्या हद्दीत, अर्ज तिथे जातो.

पद्धती दोन आहेत. नेहमीच्या पद्धतीत आधी अर्ज, मग कारखान्याची तपासणी, तिथे घेतलेला नमुना प्रयोगशाळेत आणि तो पास झाल्यावर परवाना. सोप्या पद्धतीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा ताजा रिपोर्ट अर्जाबरोबरच जोडायचा, मग तपासणी झाली आणि सगळे ठीक असले की साधारण महिनाभरात परवाना. आपले उत्पादन सोप्या पद्धतीत बसत असेल तर तीच घ्या. तिसरी पायरी नीट केली असेल तर हा रिपोर्ट मिळवणे अवघड जात नाही.

२०१८ च्या नियमांनुसार अर्जाची फी १,००० रुपये, वार्षिक परवाना फी १,००० रुपये आणि तपासणीची फी दर दिवसाला ७,००० रुपये, वर जीएसटी. भरण्याआधी पोर्टलवरचा चालू तक्ता पाहून घ्या. मोठा खर्च मार्किंग फीचा, म्हणजे मार्क वापरण्याच्या फीचा, असतो. ती उत्पादनाच्या संख्येवर मोजतात, पण वर्षाची किमान रक्कम ठरलेली असते आणि ती आगाऊ भरावी लागते. या किमान रकमेत सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ५० आणि मध्यम उद्योगाला २० टक्के सवलत आहे. त्यासाठी उद्यम प्रमाणपत्रावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता एकच हवा. इथे एक गाळा क्रमांक चुकला तरी फाइल परत येते.

तपासणीच्या दिवशी मशीन चालू असावे, त्याच मालाचे उत्पादन सुरू असावे आणि अधिकाऱ्यासमोर चाचण्या करून दाखवता याव्यात. नमुन्यांवर सील आणि सही होईल, एक नमुना तुमच्याकडे राहील. तो जपून ठेवा, वाद झाला तर तोच कामाला येतो. त्रुटी निघाल्या तर लेखी मिळतात. उत्तर देताना 'सुधारणा केली' एवढ्यावर न थांबता फोटो, बिल, नवे प्रमाणपत्र जोडा.

सहावी पायरी: मार्क लावणे

परवाना आला की त्यावर क्रमांक असतो. मार्कच्या वर मानकाचा क्रमांक, खाली सीएम/एल आणि परवान्याचा क्रमांक, अशा रचनेतच तो छापायचा. परवाना हातात येण्याआधी छापलेली खोकी हा सरळ गुन्हा आहे, 'नंतर वापरू' म्हणून गोदामात ठेवलेलीसुद्धा अडचणीत आणतात. परवान्यात जे प्रकार लिहिले आहेत तेवढ्यांवरच मार्क. नवा प्रकार काढला तर व्याप्ती वाढवण्याचा अर्ज करा. आणि परवाना त्या पत्त्यावरच्या कारखान्याचा असतो. शेजारच्या गाळ्यातल्या मित्राचा माल आपल्या मार्कात भरून दिला तर परवाना तुमचा जातो.

पहिला परवाना एक ते दोन वर्षांचा मिळतो, नूतनीकरण पाच वर्षांपर्यंत करता येते. मधल्या काळात अधिकारी न कळवता कारखान्यात येऊ शकतात आणि बाजारातून तुमचेच खेळणे विकत घेऊन तपासू शकतात. नमुना नापास झाला तर मार्किंग थांबवायचा आदेश येतो, कारण शोधून दुरुस्ती दाखवली आणि नवा नमुना पास झाला की पुन्हा सुरू करता येते. तुम्हाला स्वतःला गडबड आढळली तर आपणहून मार्किंग थांबवून कळवा. बॅच नंबर, त्या बॅचचा दाणा कुठून आला आणि माल कुणाला गेला, ही तीन खाती एकमेकांना जोडलेली असली तर परत मागवायचा माल दोनशे खोकी असतो. ती नसली तर वर्षभराचा सगळा माल परत मागवावा लागतो. ब्यूरो खराब माल परत मागवायला लावू शकते आणि ग्राहकाला भरपाईची तरतूदही कायद्यात आहे.

व्यापाऱ्याने आणि आयातदाराने काय पाहावे

कायद्याने सक्तीचा मार्क नसलेला माल विकणे, साठवणे, विक्रीला मांडणे हेही निषिद्ध आहे. २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, पुढच्या गुन्ह्याला किमान पाच लाख, आणि हा दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटच्या होलसेलवाल्यापासून तालुक्याच्या दुकानदारापर्यंत प्रत्येकाने बीआयएस केअर ॲपवर परवाना क्रमांक घालून पाहावा. कारखान्याचे नाव, पत्ता, परवाना चालू की बंद, सगळे तिथे दिसते. बिलावर क्रमांक लिहून घ्यावा.

आयातदाराला स्वतःच्या नावाने परवाना मिळत नाही. परदेशी कारखान्यानेच तो घ्यायचा असतो. त्यासाठी वेगळी योजना आहे, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, १०,००० डॉलरची बँक हमी द्यावी लागते आणि ब्यूरोचे अधिकारी त्या कारखान्यात जाऊन तपासणी करतात. कंटेनर न्हावा शेवाला उतरल्यावर या गोष्टी जुळवता येत नाहीत.

बाहेर देशात विकायचे असेल तर

आयएसआय मार्क युरोपात किंवा अमेरिकेत चालत नाही. युरोपला सीई खूण आणि ईएन ७१ हे खेळण्यांचे मानक, अमेरिकेला एएसटीएम एफ९६३ हे मानक लागते. तरी मेहनत वाया जात नाही, कारण आयएस ९८७३ चा भाग १ हा आयएसओ ८१२४-१ वरूनच घेतला आहे आणि विचार सगळीकडे जवळपास तोच आहे. प्रयोगशाळा एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली निवडा. एनएबीएल आंतरराष्ट्रीय परस्परमान्यता करारात आहे, त्यामुळे परदेशी खरेदीदार तिचा रिपोर्ट सहज स्वीकारतो. अमेरिकेच्या मुलांच्या मालाला मात्र तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने स्वीकारलेली प्रयोगशाळाच लागते, ते खरेदीदाराकडून आधी लिहून घ्या.

मानक बनत असताना बोला

हे काम छोटे कारखानदार जवळजवळ करतच नाहीत. मानक बदलायचे असते तेव्हा त्याचा मसुदा ब्यूरोच्या संकेतस्थळावर अभिप्रायासाठी खुला होतो आणि कुणालाही मत देता येते. मोठ्या कंपन्यांची माणसे समित्यांवर असतात, त्यांचे म्हणणे तिथे पोहोचतेच. तुमची अडचण तुम्ही लिहिली नाही तर समितीला ती कळण्याचा दुसरा मार्ग नाही. 'हे छोट्यांना परवडणार नाही' असे लिहून उपयोग होत नाही. कलम क्रमांक, आत्ताचे वाक्य, तुम्हाला हवे असलेले वाक्य आणि त्यामागचे तांत्रिक कारण, शक्य तर तुमच्या स्वतःच्या चाचण्यांचे आकडे, अशा चार रकान्यांत लिहा. एकट्याने जमत नसेल तर जिल्ह्यातल्या उद्योजक संघटनेच्या पत्रावर पाठवा, आणि मुदत संपायच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका.